शनिवारी मुलीला पाठवू की नको?

भांडुपहून एका आईनं विचारलं आहे. तीन वर्षांपूर्वी परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. सहा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा आईकडे असतात. कन्सेंट टर्म्सप्रमाणे, म्हणजे घटस्फोटाच्या वेळी दोघांनी मान्य केलेल्या अटींप्रमाणे, दर दुसऱ्या शनिवारी सकाळी दोघं वडिलांकडे कांदिवलीला जातात आणि रविवारी संध्याकाळी परत येतात. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी. वडिलांच्या घरी आजी आणि धाकटा काका असतो. गेल्या तीन खेपांपासून मुलगी रविवारी रात्री अंथरूण ओलं करते आणि जायचा शुक्रवार आला की पोटात दुखतं म्हणते. मागच्या आठवड्यात वेणी घालताना ती म्हणाली, "काका आंघोळ घालतो, मला नाही आवडत." मुलगा काहीच बोलत नाही. नाही पाठवलं तर कोर्टाचा अवमान होईल का, आणि पाठवलं तर काय, हा आईचा प्रश्न आहे. माहेरचे म्हणतात लगेच पोलिसांत जा. ओळखीतला एक वकील म्हणतो, आधी पुरावा आण.

ताई, सरळ उत्तर आधी देते. या शनिवारी रात्रीच्या मुक्कामाला पाठवू नका. पण नुसतं 'नाही पाठवत' म्हणून गप्पही बसू नका. आज मंगळवार आहे. शनिवारच्या आत तुमचा अर्ज कोर्टात पडला पाहिजे, आणि वडिलांना दिवसाची भेट तुम्ही स्वतःहून देऊ केली पाहिजे. ते कसं करायचं ते पुढे लिहिते. त्याआधी दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती या चार दिवसांत बिघडली तर नंतर कुठल्याच वकिलाला सावरता येणार नाही.

मी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात २२ वर्षं वकिली करते. 'पुरावा आण' हा सल्ला मी ऐकते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम आहे आणि निष्कर्ष काढणं कोर्टाचं. तुमचं काम एवढंच की मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं जपून ठेवायचं.

काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे फोनमध्ये अकरा व्हिडिओ घेऊन आली होती. पहिल्या व्हिडिओत मुलगी पलंगावर बसून बाहुलीचा फ्रॉक काढत-घालत होती. आई विचारते, "बाबांनी कुठे हात लावला?" मुलगी गप्प. "इथे लावला का?" गप्प. "सांग ना, मग आपण आइस्क्रीम खायला जाऊ." मुलगी मान हलवते. अकराव्या व्हिडिओत तीच मुलगी पाठ केलेल्या कवितेसारखी सगळं घडाघडा म्हणत होती. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ते आइस्क्रीमचं वाक्य तीनदा वाचून दाखवलं. त्या मुलीनं पहिल्या रात्री, कॅमेरा हातात घ्यायच्या आधी, स्वतःहून एक वाक्य बोललं होतं असं आई सांगायची. ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. माझी खात्री आहे की ते वाक्य खरं होतं, आणि ते मी कोर्टासमोर उभं करू शकले नाही.

म्हणून या चार दिवसांत मुलीला समोर बसवून विचारपूस करू नका. तुम्ही नाही, आजीनं नाही, मावशीनंही नाही. मुलं समोर बसवलं की बोलत नाहीत. हात कशात तरी गुंतलेले असले आणि नजरेला नजर नसली की बोलतात. मटार सोलताना बोलतात, लोकलच्या खिडकीशी बसली की बोलतात. तुमच्याकडेही वेणी घालतानाच ती बोलली. तिनं पुन्हा विषय काढला तर हातातलं काम थांबवू नका, चेहरा जमेल तितका नेहमीसारखा ठेवा आणि म्हणा, "बरं. अजून सांग." किंवा "मग काय झालं?" किंवा "तेव्हा तू कुठे होतीस?" एवढ्यात जे येईल ते येऊ द्या. "काकानं तुला तिथे हात लावला का?" हा प्रश्न कितीही जिभेवर आला तरी गिळा. ज्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, तो प्रश्न सहा वर्षांचं मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून सोडवतं. आईला काय हवंय ते त्याला चेहऱ्यावर दिसतं, आणि ते तेच देतं.

तिनं काही सांगितलंच तर म्हणा, "तू मला सांगितलंस हे बरं केलंस. तुझं काहीच चुकलेलं नाही." 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. 'काकाला पोलिस पकडून नेतील' असंही नको. घरात आपल्या बोलण्यानं भूकंप झाला असं वाटलं की मूल बोललेलं मागे घेतं, आणि मागे घेतलेलं बोलणं खोटंच होतं असं सगळे धरून चालतात.

एक गोष्ट आपल्या भाषेतली आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मुलांना सगळेच काका असतात. रिक्षावाले काका, वॉचमन काका, वरच्या मजल्यावरचे काका, बाबांचे मित्र. तुमच्या मुलीनं म्हटलेला काका बहुधा तुमचा धाकटा दीरच असेल. पण हे 'बहुधा' तुमच्या डोक्यात आहे, तिच्या वाक्यात नाही. पुन्हा बोलली तर "कोणता काका?" एवढं विचारायला हरकत नाही. त्यात तुम्ही तिच्या तोंडात कुणाचंच नाव घालत नाही.

आता एक साधी वही घ्या, सुटे कागद नकोत. तारीख, वेळ, घरात कोण होतं, तुम्ही काय म्हणालात आणि ती काय म्हणाली, एवढंच लिहा. तिचे शब्द 'शुद्ध' करू नका. शरीराच्या भागाला तुमच्या घरात जो शब्द असेल तो तसाच लिहा. मुलगी 'फुलपाखरू' म्हणाली तर वहीत फुलपाखरूच आलं पाहिजे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि पुढे न्यायाधीशांना ते मुलाचंच बोलणं आहे हे अशा शब्दांवरूनच कळतं. मागच्या आठवड्यातलं वाक्यही आज आठवून लिहा, आणि 'आज आठवून लिहिलं' अशी नोंदही करा. अंथरूण कुठल्या तारखांना ओलं झालं, शाळेतून पोटदुखीचे फोन कधी आले, तेही त्याच वहीत. शाळेच्या डायरीचं ते पान जपून ठेवा.

अंथरूण ओलं करणं, पोटदुखी, चिकटून बसणं यांतलं काहीही एकेकटं घेतलं तर अत्याचाराची खूण ठरत नाही. आईबाप वेगळे झाले आणि दोन घरांत ये-जा सुरू झाली की बरीच मुलं यातलं काहीतरी करतात. माझ्याकडच्या एका प्रकरणात पाच वर्षांची मुलगी वडिलांकडून आली की दोन रात्री अंथरूण ओलं करायची. आई हादरून गेली होती. कोर्टाच्या समुपदेशकांनी मुलीला चिकणमाती खेळायला दिली आणि सहज विचारलं, "बाबांकडे रात्री शू आली की तू काय करतेस?" मुलीनं मातीचा लांबच लांब साप केला आणि त्याच्या टोकाला एक गोळा लावला. साप म्हणजे चाळीची गॅलरी आणि गोळा म्हणजे टोकाचा सार्वजनिक संडास. तिथला दिवा गेलेला होता. मुलगी रात्रभर धरून ठेवायची आणि घरी आल्यावरही तीच भीती तिच्या अंगात असायची. वडिलांनी दिवा लावला, खोलीत एक भांडं ठेवलं, आणि महिनाभरात ते थांबलं. त्या आईनं त्याच रात्री पोलिसांत धाव घेतली असती तर आज चित्र काय असतं याचा विचार मी अनेकदा करते.

पण काही खुणा अशा आहेत की त्यांच्यापुढे मी 'थांबून बघू' म्हणत नाही. वयाला न शोभणारी लैंगिक माहिती, म्हणजे बघूनच किंवा करवून घेतल्यानंच मुलाला कळेल अशी माहिती. त्या जागी दुखणं, जखम, रक्त, स्राव. एका ठरावीक माणसाचं नाव निघालं की मुलानं थिजून जाणं. 'ही आपली गंमत, आईला सांगायची नाही' हे वाक्य. मारहाणीचा संशय असेल तर वळ कुठे आहेत ते बघा. खेळणाऱ्या पोराच्या नडग्यांवर, कोपरावर, कपाळावर काळं-निळं असतंच. कान, मान, पाठ, कुल्ले, मांडीची आतली बाजू या जागा पडून सहसा लागत नाहीत. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून तारखेचा फोटो मोलाचा.

तुमच्या मुलीचं वाक्य या दोन टोकांच्या मधलं आहे. मोठ्या पुरुषानं आंघोळ घालणं मुलीला आवडत नाही, एवढं ते आज सांगतं. ते पुरेसं गंभीर आहे. आजी घरात असताना सहा वर्षांच्या मुलीला काकानं आंघोळ घालायची गरज का पडावी, हा प्रश्न कोणताही न्यायाधीश विचारेल. पण 'गुन्हा घडला' असं ते वाक्य अजून म्हणत नाही, आणि ते तसं म्हणेपर्यंत ताणणं तुमचं काम नाही. म्हणून उद्याच बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. शाळेच्या बाईंना मधे घालून प्रश्न विचारायला लावू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक मात्र समजून घ्या. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घडलेलं कळूनही न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक, सगळ्यांना हे लागू आहे, तुम्हालाही. मुलीनं डॉक्टरांपुढे स्पष्ट काही सांगितलं तर ते पोलिसांना कळवतील. अनेक आया याला दगा समजतात. तो दगा नाही, आणि 'घरातली गोष्ट घरात' या नावाखाली वर्षानुवर्षं जे चालत आलं त्याला हाच एक आळा आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला होता. त्यात निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. यात मुलगे होते आणि मुलीही.

'कपड्यांवरून हात लावला, त्यात काय एवढं' असं कुणी म्हणालं तर त्यालाही उत्तर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये पोक्सोखाली लैंगिक अत्याचार ठरायला त्वचेचा त्वचेला स्पर्श हवा असा अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो निकाल रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपडा मधे होता की नाही हे नव्हे. मूल १२ वर्षांखालचं असणं आणि करणारा नात्यातला असणं, या दोन्ही गोष्टींनी गुन्हा कायद्याच्या नजरेत अधिक गंभीर होतो.

मुलीकडून स्पष्ट काही आलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जवळच्या पोलिस ठाण्यात जा. घटना कांदिवलीची म्हणून भांडुपचं ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही, तिथेच गुन्हा नोंदवून पुढे वर्ग करता येतो. १०९८ वर फोन केलात तरी चालेल. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली, आता ती सरकार चालवतं आणि ती ११२ ला जोडलेली आहे. मुलीला ठाण्यात नेऊन बसवायची गरज नाही. जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकारी महिलेनं, गणवेश न घालता, आणि तुम्ही किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. हे कायद्यातच लिहिलेलं आहे, त्यामुळे उपकार मागितल्यासारखं बोलू नका. ठाण्यात 'समजुतीनं घ्या, कुटुंबाचा मामला आहे' असं कुणी म्हणालं तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि वरिष्ठांना पाठवा.

तपासणीसाठी मुलीची डॉक्टर महिलाच असली पाहिजे. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदी पाकिटात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठा. नमुने आणि काही औषधं यांना तीन-चार दिवसांच्या पलीकडे फारसा अर्थ राहत नाही. 'आधी एफआयआर आणा' असं रुग्णालयाला म्हणता येत नाही, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात. तुम्हाला राजावाडी रुग्णालय जवळ पडेल. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसलेल्या बायका-मुलांसाठी २००० साली सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र आहे, तिथल्या बायका अशा वेळी पाठीशी उभ्या राहतात. आणि हे मनात कोरून ठेवा की तपासणीत काही आढळलं नाही म्हणजे काही घडलं नाही, असं नसतं. बहुतेक मुलांच्या शरीरावर खूण राहतच नाही.

बालकल्याण समिती म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी सरकारी समिती; तिचं नाव ऐकून आया घाबरतात. डोंगरीच्या, मानखुर्दच्या बालगृहात मुलीला ठेवून घेतील की काय, ही भीती मी दर वेळी ऐकते. गुन्हा कळल्यावर पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. मूल ज्या घरात राहतं त्याच घरात संशयित असेल तेव्हा मुलाला कुठे ठेवायचं याचा विचार समिती करते. तुमची मुलगी तुमच्याजवळ सुरक्षित आहे, तिला उचलून नेण्याचं कारण नाही. उलट समितीकडे सहायक व्यक्ती मागा, ती पुढे प्रत्येक टप्प्यावर मुलीबरोबर असते. अत्याचारपीडित महिला आणि मुलांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही मिळू शकते, तो अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

आता शनिवार. तुमच्या कन्सेंट टर्म्सवर कोर्टाचा हुकूम झालेला आहे, तेव्हा तो मोडता येत नाही हे खरंच. पण बदलून घेता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे घटस्फोटानंतरही मुलांबद्दलचे आदेश वेळोवेळी बदलता येतात. इतर धर्मीयांसाठी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज होतो. ज्यांचा घटस्फोटाचा दावाच अजून नाही, त्यांना कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भेट मुलाच्या हिताला बाधक आहे असं वाटलं तर ते भेट नाकारू शकतात.

उद्या अर्ज तयार करा, गुरुवारी दाखल करा आणि त्याच दिवशी 'तातडीनं बोर्डावर घ्या', म्हणजे लवकर सुनावणीला लावा, असा वेगळा अर्ज द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्जात वडिलांवर आगपाखड नको. दोन पानांत लिहा: मुलगी काय म्हणाली, कोणत्या तारखेला, त्यानंतर काय दिसलं, डॉक्टरांची वेळ कधीची आहे. मागणी नेमकी करा. पुढचा आदेश होईपर्यंत रात्रीचा मुक्काम बंद. भेट दिवसा, कोर्टाच्या चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्समध्ये (मुलांना भेटण्यासाठी कोर्टातच केलेली जागा) किंवा दोघांना मान्य असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. भेटीच्या वेळी वडिलांशिवाय त्या घरातला दुसरा पुरुष हजर नको. समुपदेशकांनी मुलांशी बोलून अहवाल द्यावा, आणि गरज वाटली तर कोर्टानंच बालमानसतज्ज्ञ नेमावा. सुनावणी बंद दाराआड घ्या अशीही विनंती करा, कौटुंबिक न्यायालय कायद्यात त्याची सोय आहे. 'भेट कायमची बंद करा' हे आज मागू नका. जी आई पहिल्याच अर्जात सगळं तोडायला निघते, तिच्या खऱ्या गोष्टीकडेही कोर्ट संशयानं बघू लागतं. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, पण बावीस वर्षांत मी तेच पाहिलं आहे.

शनिवारपर्यंत आदेश मिळालाच नाही तर? अवमान होतो तो हुकूम जाणूनबुजून धुडकावण्याचा. अर्ज दाखल आहे, कारण लेखी आहे आणि दुसरी भेट देऊ केलेली आहे, अशा आईला कोर्टानं अवमानासाठी दोषी धरल्याचं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. धोका शून्य आहे असंही सांगणार नाही. तो पत्करण्याजोगा आहे असं माझं मत आहे. वडिलांना गुरुवारी साधा मेसेज करा: 'मुलीला रात्री त्रास होतो आहे, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोपर्यंत रात्रीचा मुक्काम नको असं मला वाटतं आणि तसा अर्ज मी कोर्टात केला आहे. शनिवारी अकरा ते पाच तुम्ही मुलांना माझ्या भावाच्या घरी किंवा बागेत भेटा, मी लांब बसेन.' मुलीला ताप आहे, गावाला गेलो आहोत असलं खोटं कारण लिहू नका. एक खोटं सापडलं की वहीतलं खरंही पातळ होतं. काकाचं नाव मेसेजमध्ये नको. त्याला सावध करायचं नाही आणि मुलीवर दबाव यायला वाटही द्यायची नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अवाक्षर नको. मुलीची ओळख एकदा बाहेर गेली की परत घेता येत नाही.

मुलांच्या वडिलांबद्दल तुम्ही फार कमी लिहिलं आहे. मुलं देता-घेता कुठे, तेही कळलं नाही. भांडुप आणि कांदिवली म्हटल्यावर बहुधा दादर असेल, पुलावर इंडिकेटरखाली, माझे निम्मे अशील तिथेच भेटतात. मागच्या खेपेला मुलगी वडिलांकडे कशी गेली ते आठवा. धावत गेली का, हात धरला का, की तुमच्या ओढणीमागे लपली? माणसाला घाबरणं आणि घराला घाबरणं यांत फरक आहे. मुलगी बापाला बिलगत असेल तर हा बाप उद्या तुमच्या बाजूनं उभा राहू शकेल. भावावर संशय म्हटल्यावर पहिल्यांदा तो तुमच्यावरच चिडेल. माझ्या एका प्रकरणात बापानं सहा महिने आईला खोटारडी म्हटलं आणि नंतर स्वतःच भावाला घराबाहेर काढलं. हे सगळं उलटंही घडतं. मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन आलेले बापही माझ्याकडे येतात, आणि त्यांना हीच सगळी वाट आहे.

'सूडापायी आरोप केला असं म्हणतील' अशी भीती तुम्हाला वाटत असेल तर ती निराधार नाही. जून २०२२ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयानंच परिपत्रक काढलं होतं की वैयक्तिक वादांतून खोट्या तक्रारी होतात, म्हणून पोक्सोचा गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी. त्यावर टीका झाली आणि ते मागे घ्यावं लागलं. संशयाची ती नजर अजूनही आहे, आणि मुलांच्या नावानं खोटे आरोप करणाऱ्यांनी ती अधिक तीक्ष्ण केली आहे. अशी प्रकरणं घ्यायला मी नकार दिलेला आहे, कारण मुलाकडून न घडलेलं वदवून घेणं हाही त्या मुलावर अत्याचारच आहे. पोक्सो कायदा दुष्ट हेतूनं केलेल्या खोट्या तक्रारीला कलम २२ खाली शिक्षा सांगतो. पण सद्भावनेनं कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे, पुढे काही सिद्ध झालं नाही तरीही. तुमची सद्भावना ती वहीच दाखवेल.

गुन्हा नोंदला गेलाच तर खटला दिंडोशीच्या सत्र न्यायालयात जाईल. मुलीची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतो, त्याची मनाची तयारी ठेवा. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेला पडू नये अशी व्यवस्था कोर्टानं करायची असते.

मुलीला शुक्रवारी रात्री एवढंच सांगा की उद्या आपण घरी झोपणार आहोत, बाबा दिवसा भेटतील. पुढच्या आठवड्यात एका डॉक्टर मावशीकडे जायचं आहे, तिथे चित्रं काढायची, जे आठवेल ते सांगायचं, आणि 'माहीत नाही' म्हटलं तरी चालतं. आंघोळ हवी तर स्वतःची स्वतः करू द्या, दार लोटलेलं असू द्या, तुम्ही बाहेर मोरीशी बसा.

आणि मुलगा. नऊ वर्षांचं पोर गप्प आहे, यानं मला तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त अस्वस्थ केलं. त्यानं काही पाहिलं असेल, त्याच्याही बाबतीत काही झालं असेल, किंवा आपण बोललो तर बाबा दुरावतील एवढीच भीती असेल. 'तू मोठा आहेस ना, मग बहिणीकडे लक्ष का नाही दिलंस' हे वाक्य चुकूनही कुणाच्या तोंडून त्याच्या कानावर पडू देऊ नका. डॉक्टरांची वेळ त्याच्यासाठीही वेगळी घ्या. तोवर रोज रात्री मुलगी झोपली की दहा मिनिटं त्याच्याशेजारी नुसत्या पडून राहा, काही न विचारता.